हाडाच्या ऑपरेशनआधी टाळू रुंद करायची तार लावायलाच हवी का? मुलगा साडेआठ वर्षांचा

सांगलीची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझ्या मुलाला जन्मापासून डाव्या बाजूला ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेलं होतं, ओठाचं ऑपरेशन पाचव्या महिन्यात आणि टाळूचं वर्षाचा झाल्यावर झालं, दोन्ही चांगली झाली, स्पीच थेरपीने बोलणंही बऱ्यापैकी साफ आहे. पण वरच्या हिरडीत डावीकडे फट आहे ती तशीच आहे, ओठ वर करून बघितला की बारीक भोक दिसतं, त्यातून कधीकधी पाणी नाकात येतं. डावीकडचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात आणि फटीशेजारचा पटाशीचा दात तर अक्षरशः आडवा फिरलाय, शाळेत पोरं चिडवतात त्यावरून.

आता प्रश्न असा की आमच्या ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडम म्हणतात कमरेचं हाड काढून फटीत भरायचं आहे म्हणजे बोन ग्राफ्ट, पण त्याआधी पाच-सहा महिने क्वाड हेलिक्स नावाची तार टाळूला लावून वरचा जबडा रुंद करायचा. आणि दुसरीकडे एका सर्जनना दाखवलं तर ते म्हणाले काही गरज नाही, दिवाळीच्या सुट्टीत सरळ ऑपरेशन करून टाकू, दातांचं नंतर बघा. आता दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा आपण काय करायचं? सासूबाई म्हणतात अजून दुधाचे दात पडायचेत आणि आत्तापासून कसल्या तारा. मला सगळ्यात भीती म्हणजे जबडा रुंद केला की ते भोक पण मोठं होईल ना? आणि तो फिरलेला दात आधी सरळ करून मिळेल का, निदान चिडवणं तरी थांबेल. ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

नाशिकचा_बाबा

ताई, माझ्या लेकीचं झालंय, तिची फट उजवीकडे होती, बाकी तुमच्यासारखंच. आम्हाला आधी तारच लावली. दोन वरच्या दाढांना रिंगा बसवतात आणि त्यांना जोडून टाळूला लागून जाड तार असते, तिला चार वेटोळी असतात. काढता येत नाही, चिकटवलेलीच असते. दर महिना दीड महिन्याने बोलवून डॉक्टर ती थोडी उघडतात.

पहिला आठवडा त्रासाचा, खोटं कशाला बोलू. लाळ गळते, बोलताना जीभ तारेला अडते, स आणि त बोबडे येतात आणि आमची मुलगी रडून म्हणाली की थेरपीचं सगळं पाण्यात गेलं. नाही गेलं, सवय झाली की बोलणं परत जागेवर आलं. जेवताना पोळीचा तुकडा तारेत अडकतो त्यामुळे डब्यात थोडे दिवस उपमा, इडली, वरणभात असलं द्या. चिक्की, चकली, च्युइंगगम बंद. जिभेवर तारेचे वळ उठतात, ते बघून घाबरू नका.

भोकाचं म्हणाल तर हो, आम्हाला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भोक मोठं दिसायला लागलं, दूध नाकातून यायचं, बायको रात्रभर झोपली नाही. पण आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होणार, त्यामुळे मी तरी शांत होतो. ग्राफ्टच्या वेळी सर्जनने ते बंद केलं. आता काही येत नाही नाकातून.

कमरेचं दुखणं लोक सांगतात तेवढं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धरून चालली, आठ-दहा दिवस लंगडत होती.

कोल्हापुरी_तडका

माझं मत विचाराल तर एवढ्या लहान वयात काहीच करू नका. सगळे पक्के दात येऊ द्या, १३-१४ वर्षांचा झाला की एकदाच ब्रेसेस आणि ऑपरेशन सगळं एका दमात उरका. माझ्या भाच्याला डॉक्टरांनी तसंच सांगितलेलं. ही डेंटलवाली मंडळी दोन-दोनदा ट्रीटमेंट काढून पैसे लावतात. (भाच्याला फट वगैरे नव्हती, नुसते दात पुढे होते, पण दात ते दातच.)

तारवाला_डॉक्टर

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, दुभंगलेल्या टाळूची मुलं बघतो. आधी तडका साहेबांना, राग मानू नका पण पुढे असलेले दात आणि हिरडीतली फट यांची तुलनाच होत नाही. या मुलांत १३-१४ पर्यंत थांबणं हाच सगळ्यात महाग सल्ला आहे. कारण सुळा.

वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो आणि याचा रस्ता बरोबर त्या फटीच्या कडेने जातो. तिथे हाड नसेल तर दात येणार कशातून? तो फटीत भलतीकडे उगवतो किंवा वरच अडकतो, आणि आला तरी त्याच्या मुळाला एका बाजूने हाडाचा आधार नसतो, असा दात टिकत नाही. म्हणून सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालं असेल आणि दात अजून वरच असेल, त्या काळात हाड भरतात. बहुतेक मुलांत हे वय ८ ते ११ च्या मधे कुठेतरी येतं. मग सुळा त्या नव्या हाडातून खाली उतरतो आणि उतरताना ते हाड जिवंत ठेवतो. दात किंवा मूळ नसलेल्या जागी भरलेलं हाड हळूहळू विरघळत जातं. ही पद्धत १९७२ मध्ये बॉइन आणि सँड्स या दोन डॉक्टरांनी मांडली आणि ८० च्या दशकात नॉर्वेतल्या ऑस्लोच्या टीमने शेकडो मुलांवर करून दाखवली, सुळा यायच्या आधी केलेल्या ग्राफ्टचा निकाल नंतर केलेल्यापेक्षा चांगला येतो हे तेव्हापासून माहीत आहे. त्याच्याही आधी तान्ह्या बाळांना बरगडीचं हाड भरायचे, पण त्याने वरच्या जबड्याची वाढ खुंटायला लागली म्हणून बहुतेक ठिकाणी ते सोडून दिलं.

सांगलीच्या ताई, दुधाचे दात शिल्लक असणं हा तार न लावण्याचा मुद्दाच नाही. सहा वर्षांच्या पक्क्या दाढा आल्या असल्या की रिंगा बसतात. सासूबाईंना सांगा ही तार दात सुंदर करायची नाही.

आता तार का ते. लहानपणी टाळू शिवली, तिथे व्रण झाला, व्रण आकसतो आणि वाढत्या जबड्याला आत खेचतो. एका बाजूची फट असेल तर तिने वरच्या जबड्याचे दोन तुकडे झालेले असतात, त्यातला लहान तुकडा, म्हणजे तुमच्या मुलाचा डावा, आत वळतो आणि पुढच्या टोकाला जास्त वळतो. म्हणून वरचे दात खालच्यांच्या आत बसतात. अशा आत पडलेल्या जबड्यात सर्जनने हाड भरलं तर दोन तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात, चौकट वाकडी असताना काच बसवल्यासारखं. शिवाय दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर सर्जनला फटीच्या आतपर्यंत नीट पोचता येत नाही, नाकाचा तळ शिवता येत नाही, आणि ते शिवण कच्चं राहिलं की नाकातले जंतू थेट भरलेल्या हाडात. ग्राफ्ट फसतो तो बहुतेक वेळा असा किंवा घाणेरड्या दातांमुळे. क्वाड हेलिक्स पुढून जास्त आणि मागून कमी उघडता येते म्हणून या मुलांना आम्ही ती जास्त वापरतो. स्क्रूवाली प्लेट पण असते, घरी चावीने फिरवायची, एका वेळी पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. कुठली लावायची ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा.

भोकाबद्दल. तार भोक पाडत नाही. भोक आधीपासून होतंच, दोन तुकडे जवळ असल्याने घडीत दडलेलं होतं, तुकडे बाजूला झाले की उघडं पडतं. कुठल्याही आईला बघवत नाही हे मान्य पण सर्जनला तेच हवं असतं, दिसलं तर बंद करता येतं. मधल्या काळात फारच नाकात जात असेल तर झाकायला छोटी प्लेट करून देतात, विचारा.

आणि तो फिरलेला दात. त्याला आत्ता कोणी हात लावत असेल तर थांबवा. फटीशेजारच्या दाताच्या मुळावर फटीच्या बाजूने हाड कागदाएवढं पातळ असतं. दिसायला दात सरळ होतो पण मूळ हाडाबाहेर फटीत ढकललं जाऊ शकतं आणि दात कायमचा जाऊ शकतो. ग्राफ्ट झाल्यावर, एक्सरेत हाड धरलेलं दिसलं की साधारण तीन महिन्यांनी तो सरळ करायला घेता येतो. चिडवण्याचं वाईट वाटतं पण एवढं वर्ष काढायला लागेल. शाळेत बाईंशी बोला.

तुमचे सर्जन बोलले ते पूर्ण चूक म्हणणार नाही मी. ज्या मुलांचे दोन तुकडे एका रेषेत आहेत त्यांना आधी तारेची गरज नसते, आणि काही सेंटर आधी ग्राफ्ट आणि मग रुंदीकरण असं पण करतात. उलट गरजेपेक्षा जास्त रुंद केलं तर फट एवढी मोठी होते की वरून झाकायला हिरडी पुरत नाही, आणि सर्जन वैतागतात ते बरोबरच आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून दात आतच बसतात, मग आधी रुंदीकरण हाच सरळ मार्ग वाटतो. न बघता यापेक्षा जास्त नाही बोलणार. मुख्य म्हणजे हे दोघे एकमेकांशी फोनवर तरी बोललेत का? ऑर्थोडॉन्टिस्टने किती मिलिमीटर उघडायचं हे सर्जनने सांगायला हवं, आणि ऑपरेशनची तारीख सुळ्याच्या एक्सरेवरून ठरायला हवी, दिवाळीच्या सुट्टीवरून नाही.

जुनी_पेशंट

डॉक्टर बरोबर सांगतायत. माझं वय ३४. आमच्या गावाकडे तेव्हा शिबिरात ओठ आणि टाळू शिवून दिली तेच खूप होतं, आई बिचारी आयुष्यभर ऐकत राहिली की हिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून मुलगी अशी झाली. हाडाची फट भरायची असते हे आम्हाला कोणी बोललंच नाही. सुळा अर्धवट आला आणि १९ व्या वर्षी काढावा लागला कारण हलत होता. पंचविशीत ग्राफ्ट केला, निम्मं हाड वर्षभरात विरलं, इम्प्लांटला (हाडात बसवायचा कृत्रिम दात) पुरेसं उरलं नाही, शेवटी शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज लावलाय. भोक मात्र बंद झालं आणि त्या बाजूची नाकपुडी बसलेली होती ती थोडी उचलली गेली, तेवढ्यासाठी पण केलं ते बरं. ताई तुमच्या मुलाचं वय बरोबर त्या खिडकीत आहे, घालवू नका. आणि मोठ्यांनो, पंचविशीत पण दारं बंद नसतात, फक्त बालपणात जे सुळा फुकट करून देतो ते नंतर मिळत नाही.

सांगलीची_आई

सगळ्यांचे खूप आभार, रडूच आलं वाचून. डॉक्टर, दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढलाय त्यात मॅडम म्हणाल्या सुळ्याचं मूळ अजून अर्धं पण झालेलं नाही, आणि फटीत एक जास्तीचा छोटा दात आहे तो काढावा लागेल. तो ऑपरेशनच्या वेळीच काढला तर चालणार नाही का, दोनदा भूल कशाला? दोन दाढा पण किडल्यात. आणि खर्चाचा अंदाज कोणी देईल का, नवऱ्याचं गॅरेज आहे, फार मोठी उडी झेपणार नाही.

तारवाला_डॉक्टर

मूळ अर्धं झालेलं नाही म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, आणि तो वेळ तारेसाठी नेमका पुरतो. ही चांगली बातमी आहे. मॅडमनी हिशोब बरोबर केलाय असं दिसतं.

जास्तीचा दात आधी काढायचं कारण असं की काढलेल्या जागेवर हिरडी भरून यायला काही आठवडे लागतात, साधारण सहा ते आठ धरा, आणि हाडावर पांघरायला सर्जनला ती धड हिरडी लागते. भोक असलेली ताजी जखम आणि खाली भरलेलं हाड, नको. बऱ्याचदा हा दात खुर्चीत नुसती जागा बधिर करून निघतो, पूर्ण भूल लागेलच असं नाही. काही वेळा दात खूप वर असतो किंवा शेजारच्या दाताच्या मुळाला हाडाचा आधार त्यामुळेच असतो, तेव्हा सर्जन तो ऑपरेशनमध्येच काढतात. परत तेच, दोघांनी बोलायचं.

किडलेल्या दाढा तारेच्या आधी. रिंग बसवायची दाढच किडकी असेल तर रिंगेखाली आणखी सडते. या मुलांत कीड जास्तच असते, कारण फटीजवळ ब्रश जात नाही आणि आई तिथे हात लावायला घाबरते. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या, तार लागल्यावर प्रत्येक जेवणानंतर चूळ आणि रात्री तुम्ही स्वतः घासून द्या, साडेआठ वर्षांच्या मुलाच्या भरवशावर सोडू नका. फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या.

आणि एक, रुंदीकरण झालं म्हणजे तार काढतात असं नाही. तीच तार किंवा तिच्या जागी साधा आडवा बार ऑपरेशन होऊन कमीत कमी तीन महिने राहतो. व्रण परत खेचतोच. मधे तार निघाली, तुटली तर दोन दिवसांत जा, "पुढच्या अपॉइंटमेंटला दाखवू" करू नका, जबडा लगेच आत यायला लागतो.

शाळा_तपासणी_पथक

खर्चाचं मी सांगते. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात काम करते, २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला होता हा कार्यक्रम. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत जे पथक येतं त्यांच्याकडून किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात जाऊन नोंद करा, तिथून पुढे पाठवतात. लोकांना वाटतं ओठ-टाळू शिवली की योजना संपली, तसं नाहीये, पुढच्या ऑपरेशनसाठी पण विचारा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत ऑपरेशन मोफत होतं आणि काही सेंटरना ते ऑर्थोडॉन्टिक्सचा पण खर्च देतात, पण सगळ्यांना नाही, म्हणून जाण्याआधी फोनवर नेमका हाच प्रश्न विचारा की तारेचं पण होतं का. खासगीत नुसत्या क्वाड हेलिक्सला काही हजार लागतात, डेंटल कॉलेजात बरंच कमी. सरकारी डेंटल कॉलेज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटल आहे. तुमच्या बाजूला सांगली, कराडला पण डेंटल कॉलेजं आहेत, दर महिन्याला जायचंय म्हणजे एसटीचं अंतर पण बघा. डेंटल कॉलेजात ऑर्थो आणि सर्जरी दोन्ही विभाग एकाच आवारात असतात हा मोठा फायदा.

कोल्हापुरी_तडका

बरं बाबा, भाच्याचं उदाहरण मागे घेतो. पण डॉक्टर, कमरेचंच हाड का? हनुवटीतून किंवा ते पावडर मिळतं बाजारात ते का नाही वापरत, पोराची कंबर कापण्यापेक्षा?

तारवाला_डॉक्टर

चांगला प्रश्न. कमरेच्या हाडाच्या आत स्पंजसारखं मऊ हाड भरपूर मिळतं, त्यात जिवंत पेशी असतात आणि ते लवकर धरतं. वरून छोटीच चीर असते. हनुवटीतून पण काढतात पण तिथे मुळात कमी मिळतं आणि या वयात खालच्या सुळ्यांची मुळं, अजून न आलेले दात मधे येतात. बाजारातलं पावडर हे नुसतं सांगाडा, त्यातून सुळा उतरेल याची खात्री स्वतःच्या हाडाएवढी नाही. वाढीचं प्रथिन घालून पण करतात काही ठिकाणी, पण आजही तुलना होते ती कमरेच्या हाडाशीच.

बर्मिंगहॅमचा_पुणेकर

इकडे इंग्लंडमध्ये आमच्या मुलाचं झालं, क्रम अगदी हाच, आधी रुंदीकरण मग ग्राफ्ट मग बाकीच्या ब्रेसेस. फरक एवढाच की सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट, स्पीचवाली, सगळे एकाच दिवशी एका खोलीत बसून मुलाला बघतात. १९९८ मध्ये इथे एक सरकारी पाहणी झाली होती त्यात निकाल बरे नाहीत असं निघालं, तेव्हापासून गल्लोगल्ली होणारी ही ऑपरेशनं मोजक्या सेंटरात आणली. ताई, तुमच्याकडे टीम नसेल तर तुम्हीच टीम जमवा, एका वहीत सगळे एक्सरे, तारखा, कोण काय म्हणालं ते लिहा आणि ती वही प्रत्येकाच्या समोर ठेवा.

ऑपरेशननंतरचं थोडं: दोन-तीन आठवडे पातळ आणि मऊ, पेज, मऊ भात, नाचणीची खीर, मिक्सरमधून काढलेलं वरण. नाक जोरात शिंकरायचं नाही. महिना-दीड महिना पळापळ, सायकल, क्रिकेट बंद, आणि आमच्या घरात दुखण्यापेक्षा यावरच जास्त भांडणं झाली.

सांगलीची_आई

मॅडमना आज सर्जनचा नंबर दिला, त्या स्वतः बोलल्या त्यांच्याशी. सर्जननी एक्सरे व्हॉट्सॅपवर मागवले आणि म्हणाले लहान तुकडा एवढा आत आहे हे तोंड बघताना लक्षात आलं नव्हतं, आधी रुंद करा, पण फार उघडू नका, दर दोन महिन्यांनी मला फोटो पाठवा. दाढा भरायला सोमवारची वेळ मिळाली, रिंगा त्यानंतर. दिवाळीचं रद्द. मुलाला सांगितलं तर त्याचा एकच प्रश्न, तार असताना किल्ल्यावर मावळे मांडता येतील ना.

लातूर_२०१६

मधेच विचारतो, माझ्या मुलीला दोन्ही बाजूंनी फट आहे, मधला दातांचा तुकडा बोटाने हलतो. तिला पण हीच तार का? वय ९.

तारवाला_डॉक्टर

दोन्ही बाजूंचं गणित थोडं वेगळं. बाजूचे दोन तुकडे मधल्याच्या मागे आत पडलेले असतील तर ते आधी बाहेर घ्यायचे म्हणजे मधल्याला बसायला जागा होते, तिथपर्यंत तारेचं काम तसंच. पण मधला तुकडा हलता ठेवून हाड भरलं तर प्रत्येक घासाला ते हलणार आणि धरणार नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशनमध्येच पुढच्या दातांवरून जाड तार बांधून तो तुकडा बाजूच्या दाढांशी पक्का करतात आणि काही महिने तसाच ठेवतात. खालचे दात त्याला ठोकतात का तेही बघावं लागतं, ठोकत असतील तर तेवढ्यापुरता चावा उघडतात, म्हणजे वरखालचे दात एकमेकांना लागणार नाहीत असं करतात. सर्जन दोन्ही बाजू एकदम करणार की एकेक, हे विचारून या, आणि वेगळा धागा काढून ओपीजीत सुळे कुठपर्यंत आलेत ते लिहा, इथे सांगलीच्या ताईंचं हरवून जाईल.